कोलेस्टेरॉल बाहेर तपासू नये

आजारातून गेलेल्या माणसाने लिहिलं की इतरांना धीर येतो, म्हणून मला तिघांनी लिहायचा आग्रह केला. त्या तिघांना माझा आजार माहीत आहे, मी केलेला उद्योग माहीत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. धीर थोडाफार इथेही सापडेल, पण हे लिखाण एका चुकीबद्दल आहे. चूक मी केली आणि भोगलं दुसऱ्या माणसाने.

मी इंदूरला, पोलोग्राउंडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सतरा वर्षं झाली. आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची वर्षाची तपासणी आमच्याकडे होते, त्यामुळे अर्ध्या पोलोग्राउंडची साखर मला तोंडपाठ. स्वतःचं रक्त मात्र कधी बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मशीनवर संशय

उन्हाळ्यात तळहातांना खाज सुटायला लागली. तळहात आणि तळपाय, बाकी कुठे नाही. मी ग्लव्ह्जच्या पावडरला दोष दिला. माझी बायको सुजाता म्हणाली, "अरे, पायात पण ग्लव्ह्ज घालतोस का?" तरी मी मलम आणलं आणि चार महिने इमानदारीने चोळलं.

मग लॅबमध्ये नवीन किट आलं. असं किट आलं की आम्ही स्टाफचंच रक्त घालून ते पडताळून बघतो. लिव्हरची एक तपासणी असते, त्यात माझा आकडा नॉर्मलच्या चौपट आला. मी कॅलिब्रेशन परत केलं. परत चौपट. दुसऱ्या मशीनवर घातलं, तिथेही तेच. दोन तास मी मशीनवर संशय घेत बसलो, स्वतःवर एकदाही घेतला नाही.

पुढे सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, आणि एका मंगळवारी निदान झालं. लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज येते, व्रण पडतात, आणि त्या हळूहळू आवळत जातात. का होतं ते नक्की कुणाला माहीत नाही. थांबवणारं औषध अजून नाही. "काहींना पुढे लिव्हर बदलावं लागतं, काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. मी कोणत्या 'काहीं'मधला, असं विचारलं तर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

सगळ्यात वाईट दिवस तो नव्हता. तो पुढचा रविवार होता, इंदूरजवळच्या महूचा. आई तिथेच राहते, आजोबा फौजेत होते तेव्हापासूनच्या घरात. माझे वडील दारूने गेले, कावीळ होऊन. माझे डोळे पिवळसर दिसल्यावर आई उठून जवळ आली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. बेचाळीस वर्षांच्या मुलाच्या तोंडाचा.

"खरं सांग बेटा, कधीपासून चालू आहे?"

"आई, मी थेंबसुद्धा नाही घेतला गं कधी."

"तुझे पप्पा पण हेच म्हणायचे."

मी ओरडलो. ताटावरून उठलो. तिने केलेली अंड्याची भाजी तशीच राहिली. परतताना स्कूटरवर मागून सुजाता म्हणाली, "ती डरली आहे यार. एकदा नवऱ्याचं बघून झालंय तिचं. तू रिपोर्ट वाचून दाखवायचा होतास, तू नुसता चिल्लावलास." तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून मी माफी मागितली, तर आईच माझी माफी मागायला लागली, आणि ते जास्त लागलं.

सातवं पान

सहा महिन्यांनी कळलं की शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये या आजारावर एक चाचणी सुरू होते आहे. कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, जी आईला हृदयासाठी कधीची चालू आहे, जी कुठल्याही मेडिकलवर मिळते, ती या नळ्यांच्या आजाराला आवर घालते का ते बघायचं होतं. अर्ध्या लोकांना खरं औषध भरलेली कॅप्सूल मिळणार, अर्ध्यांना हुबेहूब तशीच पण आत नुसती पावडर असलेली. कुणाला काय मिळतंय ते आम्हालाही माहीत नसणार, डॉक्टरांनाही नाही. सगळं संपल्यावर, काही वर्षांनी, कुणाला काय दिलं त्याचा गुप्त कोड उघडणार आणि मग प्रत्येकाला बोलावून सांगणार.

चाचणीच्या डॉक्टर मॅडम नाशिकच्या. त्यांचं मराठी एकदम शुद्ध, माझं आपलं इंदुरी, त्यामुळे त्यांच्यासमोर मी जरा जपून बोलायचो. संमतीपत्र अकरा पानी होतं. मी सगळं वाचलं, हुशारी दाखवायला दोन प्रश्नही विचारले. सातव्या पानावर लिहिलं होतं की चाचणीच्या काळात कोलेस्टेरॉल बाहेर तपासू नये. कारण उघड आहे. आकडा खाली आला की माणसाला कळणार, आपल्याला खरं औषध आहे. मग ना माणूस पूर्वीसारखा वागत, ना त्याच्या सांगण्याला काही किंमत उरत. हे सगळं समजून मी खाली सही केली.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला उपाशीपोटी बोलावलं होतं. वॉर्डबॉय दर पाच मिनिटांनी येऊन ओरडायचा, "खाली पेट? सब खाली पेट?" समोर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या आणि खुर्चीच्या स्टीलच्या दांडीवर तळहात घासत होत्या. मीही तेच करत होतो. त्यांनी बघितलं आणि हसल्या.

"ठंडं लागतं ना? मी तर घरी फ्रिजमधे थाळी ठेवते, हात टेकवायला."

या शीलाताई. भंवरकुआंला कोचिंगच्या पोरापोरींसाठी मेस चालवतात, रोजचे साठ डबे. यजमान गेलेले, मुलगी लग्न होऊन बंगलोरला. त्यांच्या नळ्या माझ्यापेक्षा बऱ्याच जास्त आवळलेल्या होत्या, पण त्यांची काळजी वेगळीच होती. "कणीक मळताना खाज सुटली की हात धुवायचे, खाजवायचं, परत धुवायचे. पोरं बघतात रे भिया. उद्या म्हणतील बाईला खरूज आहे. मेस बंद पडेल ना मग."

त्या दिवशी सात नळ्या रक्त, वजन, प्रेशर, एमआरआय असं करत दुपारचा एक वाजला. सिस्टरला माझी नस सापडेना तेव्हा मी तिला दुसरी दाखवली. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या वेळी मी गप्प बसलो. सगळं झाल्यावर शीलाताईंनी पिशवीतून मोठा डबा काढला. पोहे. शेव वेगळ्या पुडीत, "ज्याला पचेल त्याने घ्या." आम्ही खाल्ले, सिस्टरने खाल्ले, खाली पेटवाल्यानेही खाल्ले. आजारपणात माणसाला औषधाइतकंच काय लागतं ते मला त्या दिवशी कळलं. दर महिन्याला मी तपासणीपेक्षा त्या डब्यासाठी जायचो म्हटलं तरी चालेल.

मी काय केलं

तिसऱ्या महिन्यात शीलाताई आल्या त्या बोलतच.

"भिया, सही सांगते, काल मी सात वाजेपर्यंत झोपले. सात! पहिली बार पोरांचा नाश्ता लेट झाला." त्यांनी तळहात पुढे केले. भेगा भरून आल्या होत्या. "खजरान्याला मी उलटा सातिया काढला होता ना, बीमारीसाठी. बुधवारी जाऊन सीधा करून आले."

खजरान्याच्या गणपतीला नवस बोलताना देवळामागच्या भिंतीवर स्वस्तिक उलटं काढतात, मनासारखं झालं की जाऊन सुलटं काढतात. आमच्या घरी बुद्धवंदना असते, नवस-सायास नाहीत. तरी ऐकून बरं वाटलं, असं मी म्हणालो. खरं तर पोटात दुखलं. माझी खाज जशीच्या तशी होती. म्हणजे या बाईंना खरं औषध मिळालं आणि मला पावडर, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सोबत बसून ज्यांचे पोहे खाल्ले त्यांच्या झोपेचा मी हेवा केला. हे लिहायला सोपं नाही, पण इथपासूनच सुरुवात आहे.

दोन दिवसांनी लॅब उघडल्यावर, बाकी कुणी यायच्या आत, मी स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढलं. मशीनमध्ये भलतंच नाव टाकलं. चाचणीआधीचा माझा वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा एकशे अडतीस होता. आता तो एकसष्ट आला.

मी खुर्चीवर बसलो आणि एकटाच हसलो. औषध खरं होतं, आणि ते मला मिळत होतं! त्या क्षणी मला सातवं पान आठवलं का? आठवलं. पण सतरा वर्षं दुसऱ्यांचे आकडे बघणाऱ्याला स्वतःचा एक बघायचा हक्क आहे, अशी मी समजूत घालून घेतली.

इथेच थांबलो असतो तरी गोष्ट माझ्यापुरती राहिली असती. पण आनंद मला पचेना. त्याच आठवड्यात मी भंवरकुआंला शीलाताईंकडे गेलो आणि सांगून मोकळा झालो. त्यांनी कौतुकाने ऐकलं. मग म्हणाल्या, "माझं पण बघता येतं का रे?"

नाही म्हणायला एक शब्द लागतो. मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे ताई." सुया आणि नळ्या माझ्या बॅगेत असतातच. नाश्ता संपून डब्यांची गडबड सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर हात ठेवायला लावून मी रक्त घेतलं. डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

दुपारी आकडा आला. त्यांनी दाखवलेल्या जुन्या रिपोर्टात होता तिथेच, किंबहुना थोडा वरच. खोटं बोलता आलं असतं. नळी सांडली, सॅम्पल बिघडलं, असं आम्ही रोज दहा जणांना सांगतो. पण रिपोर्ट कधी बदलला नाही, असा माझा सतरा वर्षांचा तोरा. मी फोन लावला.

"ताई, आकडा खाली नाही आला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या कॅप्सूलमध्ये औषध नाहीये. नुसती पावडर आहे."

"पण मला तर आराम आहे रे."

मी हसलो. हे मला पुसून टाकता येत नाही, की मी हसलो. "मनाचे खेळ असतात ताई ते."

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"अरे, पण मी तर सीधा करून आले ना," त्या म्हणाल्या. "आता परत उलटा काढायचा का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ त्यांची होती, उघडली मी.

त्यानंतर

आठ दिवसांत त्यांची खाज परत आली. पुढच्या तपासणीला त्यांनी डबा आणला नाही. कॅप्सूल घेणं त्यांनी बंदच केलं होतं. "पावडर कशाला गिळायची?" असं मला हळूच म्हणाल्या, आणि मॅडमना सांगितलं की पोटात जळजळ होते, मला यातून नाव काढायचं आहे. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत होतो.

घरी सुजाताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझ्या एकसष्टवर खूश होईल.

"तुझं तू बघितलंस, ठीक आहे, तू सनकी आहेसच. त्यांना कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"विचारलं म्हणून? चार जण विचारतात मला, तुझा नवरा किती दिवसांचा सोबती आहे. मी बसते का हिशोब सांगत?"

मला पहिल्यांदा कळलं की तिला लोक असं विचारतात. तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी शीलाताईंना थंडी वाजून ताप भरला. नळीत अडलेल्या पित्तात जंतू झाले होते. ॲडमिट केलं, तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट टाकला. मी वॉर्डात गेलो तेव्हा त्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या आणि हातांना ओला टॉवेल गुंडाळून पडल्या होत्या. "मेस बंद आहे रे," म्हणाल्या. "पोरं बाहेरचं खातायत. परीक्षा आहे त्यांची." माझ्यावर त्यांचा राग नव्हता. त्यांना वाटत होतं, मी त्यांना खरं तेच सांगितलं. मी दहा मिनिटंही बसू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमकडे गेलो आणि उभ्याउभ्या सगळं ओकलो. माझं रक्त, त्यांचं रक्त, फोन, हसणं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एक फॉर्म काढला आणि तारखा विचारल्या. लिहून झाल्यावर पेन ठेवलं.

"त्यांचा आकडा खाली आला नाही, म्हणून औषध नाही, असं तुम्ही ठरवलंत?"

"हो मॅडम."

"कोलेस्टेरॉल शरीराबाहेर कशातून जातं?"

उत्तर मला येत होतं. पित्तातून. पित्त अडलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला हा प्रश्न मला आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता.

"त्यांच्या नळ्या जास्त आवळलेल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "एकीकडे औषध आकडा खाली ओढत असेल आणि दुसरीकडे अडलेलं पित्त तो वर ढकलत असेल, तर तो जागच्या जागी राहू शकतो. किंवा त्यांना औषध नसेलही. मला माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत होतं?"

"औषध बंद केलं म्हणून ताप आला का?"

"तेही कुणी सांगू शकणार नाही. या आजारात ताप कधीही येऊ शकतो."

"त्यांना परत घेता येईल?"

"नाही. मधे खंड पडला, आता स्टेंट आहे. नाही घेता येणार." माझं नाव मात्र राहिलं, पुढे शेरा मारून. ती शिक्षाच वाटली.

तुम्ही अशा एखाद्या चाचणीत असाल, तर माझं एवढं ऐका. न कळणं फार छळतं, मान्य आहे. पण ते न कळणं तुमच्या एकट्याचं नसतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही त्याच्याच जोरावर झोपत असतो. मी अजून आकडेमोड करत बसतो. शीलाताईंची कॅप्सूल पावडरीची असेल, तर त्या पावडरीने त्यांना झोप दिली होती आणि ती मी काढून घेतली. खरी असेल, तर त्यांचं औषध मी बंद पाडलं. दोन्हींतलं काहीही निघालं तरी मी सुटत नाही.

भंवरकुआं, दुपारी तीन

शीलाताई हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पंधरा दिवस मी टाळलं. शेवटी सुजाता म्हणाली, "जाऊन ये, नाहीतर मी जाते." डबे गेल्यानंतरची वेळ बघून गेलो. शीलाताई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. अर्धीच मेस सुरू केली होती, तीस डब्यांची. मी बसलो नाही.

"ताई, मी सांगितलं ते चूक असू शकतं. तुमच्या कॅप्सूलमध्ये औषध असेलही. त्या आकड्यावरून काहीच कळत नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"पण तू तर एकदम पक्कं सांगितलं होतंस. हसला पण होतास."

"हो."

त्यांनी दोन-तीन काड्या निवडल्या. "मग आता परत सुरू करते मी."

"ते आता परत घेणार नाहीत, ताई. मी विचारलं."

त्यांचे हात थांबले. डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. मला जावंसं वाटत होतं आणि जायचा हक्क नव्हता, म्हणून मी तसाच उभा राहिलो. खूप वेळाने त्यांनी जुडीचा दोरा सोडून दुसरी जुडी पुढे घेतली.

"ते कोड उघडतील तेव्हा मला पण बोलावतील? मी सोडली तरी?"

"बोलावतील. सगळ्यांना बोलावणार आहेत."

"मला एकटीला नाही जमणार. तू चल सोबत."

मला इतकं हलकं वाटलं की मी पटकन बोलून गेलो, "येईन ना ताई, मी सगळं नीट वाचून तुम्हाला..."

"वाचायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "कागद मी बघीन. मॅडम मला समजावतील. तू बाहेर बसायचं. बाहेर आल्यावर मला वाटलं तर तुला सांगीन, नाही वाटलं तर नाही सांगणार. आणि तू विचारायचं नाहीस."

मी म्हणालो, बाहेर बसेन.